फोन रूट करावा का? आधी सांगा, मोजायचं काय आहे

फोन वापरून संशोधन करायचं म्हणणारी मुलं भेटली की एक प्रश्न हमखास येतो. "फोन रूट करावा लागेल ना?" त्यातला "ना" ऐका. उत्तर आधीच ठरलेलं असतं, समोरच्याने फक्त मान डोलवायची. एकाला सेन्सरचा डेटा हवा असतो. दुसरीला ॲप्स गुपचूप काय काय बाहेर पाठवतात ते बघायचं असतं. तिसऱ्याला गिरगावातल्या गल्ल्यांत आणि लोअर परळच्या टॉवरांमध्ये जीपीएस का भरकटतं ते शोधायचं असतं. विषय तीन, औषध एकच: रूट.

आता दुसरी बाजू. बँकेचं ॲप उघडा. तुमचा फोन रूट केलेला आहे, म्हणून असुरक्षित आहे, म्हणून हे ॲप चालणार नाही. इथेही तपासणीआधीच निदान तयार.

ही दोन्ही वाक्यं मला एकाच जातीची वाटतात, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ती ओळखायला शिकावं म्हणून हा लेख. दोन्हीकडे "रूट" ही एक खूण दुसऱ्याच कशाच्या तरी जागी वापरली जाते आहे. मुलं ती "पूर्ण डेटा"च्या जागी वापरतात, बँका "धोका"च्या जागी. जी गोष्ट थेट मोजता येत नाही तिच्याऐवजी सहज मोजता येणारी दुसरी गोष्ट घ्यायची, याला संशोधनात प्रॉक्सी म्हणतात. प्रॉक्सी वापरणं गुन्हा नाही, आपण सगळेच वापरतो. पण ती खूण आणि मूळ गोष्ट एकमेकींना किती चिकटून आहेत, हे कोणीतरी तपासायला लागतं.

आधी तीन शब्द वेगळे करू, कारण बोलताना त्यांची खिचडी होते. फोन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्राम म्हणजे बूटलोडर. तो कंपनीची सही असलेलीच प्रणाली सुरू करतो. ही अट काढणं म्हणजे बूटलोडर अनलॉक. कंपनीची प्रणाली काढून लिनिएज ओएससारखी दुसरी प्रणाली घालणं म्हणजे कस्टम रॉम. आणि रूट म्हणजे अँड्रॉइडच्या तळाशी असलेल्या लिनक्समधल्या सर्वाधिकारी वापरकर्त्याचे हक्क आपल्याकडे घेणं. लिनिएज ओएस घातलेला फोन आपोआप रूट होत नाही. अनलॉक केलेला फोन तर अजिबातच नाही. लॅमिंग्टन रोडवर कोणी "सॉफ्टवेअर मारून देतो" म्हणालं, तर यांतलं काहीही असू शकतं, किंवा कंपनीचीच प्रणाली पुन्हा भरून द्यायची असू शकते. पुढे कळेल की खरी किंमत मोजावी लागते ती बहुतेक वेळा अनलॉकची. बदनामी मात्र रूटची होते.

देवनागरीसाठी रूट

रूट करण्यात एकेकाळी अर्थ होता का? होता, आणि मराठी माणसासाठी तर त्याचं कारण अगदी घरगुती होतं. डिसेंबर २०१० मध्ये अँड्रॉइड २.३ आलं. त्यावर चालणाऱ्या बहुतेक स्वस्त फोनांमध्ये देवनागरीचा फॉन्टच नव्हता. मराठी बातमी उघडली की ओळीच्या ओळी चौकोन. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या चाळीतल्या कॉलेजच्या मुलांची फोन रूट करण्याची पहिली कारणं दोन होती: मराठी दिसावं, आणि जागा व्हावी. तेव्हा घरोघरी असलेल्या सॅमसंग गॅलेक्सी वायमध्ये आतली जागा दोनशे एमबीच्याही आत होती. मग फोन रूट करायचा, मेमरी कार्डाचे दोन भाग पाडायचे, आणि लिंक-टू-एसडीने ॲप्स तिकडे ढकलायची.

फॉन्टची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. रूट केल्यावर सिस्टिमच्या फोल्डरमध्ये देवनागरी अक्षरं असलेली फॉन्टची फाइल टाकता यायची. चौकोन जायचे, अक्षरं दिसायची. पण जोडाक्षरं फुटायची आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर यायची. कारण देवनागरीला नुसता फॉन्ट पुरत नाही. कोणतं चिन्ह कुठे सरकवायचं आणि कोणती दोन अक्षरं जोडायची, हे ठरवणारं वेगळं इंजिन लागतं, आणि ते त्या प्रणालीत नव्हतं. रूटने फाइल बदलायची परवानगी दिली होती. अक्षरं जुळवायची अक्कल त्या परवानगीतून कुठून येणार? ती अँड्रॉइड ४.० पासून प्रणालीतच येऊ लागली, आणि फोनच्या मेनूची भाषा म्हणून मराठी आली २०१४ च्या ५.० मध्ये.

गंमत म्हणजे त्या चौकोनांच्या काळातही एक साधी वाट होती. ऑपेरा मिनीमध्ये एक छुपं सेटिंग होतं. ते चालू केलं की पान सर्व्हरवरच रंगवून अक्षरं चित्ररूपात यायची. जोडाक्षरं, वेलांट्या, सगळं जागच्या जागी. रूटची गरज नाही, फोनची वीट होण्याची भीती नाही. ही जोडी लक्षात ठेवा: तळघराची किल्ली मागायच्या आधी मागचं दार उघडं आहे का ते बघणं. पुढे संशोधनाच्या भागात ती पुन्हा लागेल.

त्या काळातली रूट करण्याची पद्धतही आजच्यापेक्षा वेगळी होती. कर्नलमधलं एखादं भोक शोधून त्यातून आत शिरायचं. २०१४ चं टॉवेलरूट असंच, कर्नलमधल्या एका त्रुटीवर उभं. एक ॲप, एक बटण, झालं. विचार करा: एका बटणावर तुम्ही रूट होत असाल, तर तेच भोक वापरून कुठलंही फालतू गेमचं ॲपही रूट होऊ शकत होतं. म्हणजे तेव्हाचा "सहज रूट होणारा फोन" हा खरोखरच असुरक्षित फोन होता, आणि तो रूट न केलेला असतानाही असुरक्षितच होता! "रूट म्हणजे धोका" ही समजूत त्या काळात रुजली. तेव्हा तिला थोडा आधार होता.

२०१४ चा डिसेंबर हा आपल्याकडे या छंदाचा बहराचा काळ म्हणता येईल. सायनोजेनमॉड ही कस्टम रॉम भारतात कोणाच्या फोनवर विकायची, यावरून मायक्रोमॅक्स आणि वनप्लस दिल्ली उच्च न्यायालयात भांडत होते. एका हौशी रॉमसाठी कंपन्या कोर्टात! दोन वर्षांनी, २०१६ च्या डिसेंबरात, सायनोजेन कंपनीने आपल्या सेवा बंद केल्या आणि त्या कोडमधून लिनिएज ओएस उभं राहिलं. त्याच २०१६ मध्ये दोन गोष्टी आल्या. जॉन वू यांचं मॅजिस्क, ज्याने सिस्टिमच्या विभागाला हात न लावता, बूट इमेजमध्ये बदल करून रूट देणं शक्य केलं. आणि यूपीआय.

काट्यावरचा शिक्का

पुढची दहा वर्षं या दोघांच्या ओढाताणीची आहेत. लालबागमध्ये वडापाव घ्या किंवा दादरला फुलं, साउंडबॉक्स बोलल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. फोन हे पाकीट झालं, आणि पाकीट उघडायच्या आधी ॲप फोनची झडती घेऊ लागलं.

ही झडती कशी घेतात ते समजून घ्यायला हवं. नव्या फोनांत मुख्य प्रणालीपासून वेगळा, हार्डवेअरने राखलेला एक कोपरा असतो. फोन सुरू होताना बूटलोडर लॉक आहे का, प्रणालीवर कोणाची सही आहे, याची नोंद तिथे होते. ॲपने विचारलं की तो कोपरा आपल्या किल्लीने सही केलेलं प्रमाणपत्र देतो. गुगलची आधीची सेवा सेफ्टीनेट होती, आता तिच्या जागी प्ले इंटिग्रिटी आहे. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनांवर हा निकाल हार्डवेअरच्या प्रमाणपत्रावर बेतला गेला आहे. त्याआधी मॅजिस्कच्या मॉड्यूलांनी "मी नाही त्यातली" म्हणत बरीच वर्षं काढली. आता चोरीला गेलेल्या किल्ल्या वापरून उत्तर बनवायचं, गुगलने ती किल्ली रद्द केली की दुसरी शोधायची, असा खेळ चालू आहे. (मॅजिस्कचे कर्ते स्वतः २०२१ मध्ये गुगलच्या अँड्रॉइड सुरक्षा चमूत गेले आणि रूट लपवण्याची सोय त्यांनी मॅजिस्कमधून काढली. या कथेला याहून नेमकं वळण कोणी लिहिलं असतं असं वाटत नाही.)

दादरच्या मंडईत भाजीवाल्याच्या काट्यावर वैधमापनचा शिक्का असतो. तो सांगतो की अमुक दिवशी काटा तपासला होता. शिक्का तोडलेला असेल तर आपण संशय घेतो, आणि घ्यावाही. पण शिक्का शाबूत आहे म्हणून काटा आज बरोबर तोलतो, असं सिद्ध होत नाही. म्हणूनच कायद्याने ठरावीक मुदतीने पुन्हा पडताळणी करावी लागते.

प्ले इंटिग्रिटीचा मधला निकाल, म्हणजे "हे उपकरण प्रमाणित आहे", हा असाच शिक्का आहे. कंपनीने दिलेली प्रणाली बदललेली नाही, एवढंच तो सांगतो. आता दोन फोन शेजारी ठेवा. पहिला पाच वर्षांपूर्वीचा, कंपनीच्याच प्रणालीवरचा. शेवटचा सुरक्षा अपडेट येऊन तीन वर्षं झालीत, त्यातली ज्ञात भोकं जगजाहीर आहेत. दुसरा तसाच फोन, पण लिनिएज ओएस घातलेला, गेल्या महिन्याचे पॅच असलेला, रूट न केलेला. पहिला पास. दुसरा नापास. पिक्सेल फोनांवर चालणारी ग्राफीन ओएस तर बूटलोडर पुन्हा लॉकही करते, फक्त स्वतःच्या किल्लीने, आणि सुरक्षेच्या बाबतीत ती कंपनीच्या प्रणालीपेक्षा कडक आहे. तीही नापास. परीक्षेत कच्चा विद्यार्थी पास होतो आणि पक्का नापास होतो, तेव्हा परीक्षा नेमकं काय मोजते असा प्रश्न विचारायला हवा.

गुगलला हे कळत नाही असं नाही. त्यांच्या सगळ्यात कडक निकालासाठी, अँड्रॉइड १३ पासून पुढे, गेल्या वर्षभरातला सुरक्षा अपडेट असणं आता आवश्यक आहे. म्हणजे मुदतीने पडताळणी आली. पण कोणता निकाल मागायचा हे ॲप ठरवतं. कडक निकाल मागितला तर जुने फोन वापरणारे ग्राहक बाहेर पडतील, हे बँकेलाही कळतं.

"पण हा तर रिझर्व्ह बँकेचा नियम आहे," असं नेहमी सांगितलं जातं. फोर्टातून आलेला तो दस्तऐवज मूळातून वाचा, वाचण्यासारखा आहे. १८ फेब्रुवारी २०२१ चे डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेविषयीचे निर्देश. त्यात बऱ्याच गोष्टी "केल्याच पाहिजेत" अशा भाषेत आहेत. रूट केलेल्या फोनवर ॲप बसू किंवा चालू न देण्याबद्दल मात्र बँकांनी अशा तपासणीची व्यवहार्यता पडताळून पाहावी, अशी भाषा आहे. "करा" आणि "करता येईल का ते पाहा" यांत फरक आहे. संशोधन-साहित्याचा आढावा लिहिताना हाच फरक सगळ्यात जास्त वेळा हरवतो. मूळ लेखात "शक्यता दिसते" असतं, तिसऱ्या उद्धरणापर्यंत "सिद्ध झाले आहे" होतं.

बँकेची बाजू पोकळ आहे असं मला म्हणायचं नाही. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत बंद असतं, आणि रूट म्हणजे सगळ्या खोल्यांची एकच चावी. घाईत एका चुकीच्या ॲपला परवानगी दिली, की ते दुसऱ्या कुठल्याही खोलीत जाऊ शकतं. शिवाय पैसे गेले तर भांडण कोणाशी? ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा. दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे, हे खरं. तरी तुमच्या खात्यात येणारी फेलोशिप ही घरातली एकमेव नियमित रक्कम असेल, तर तो वाद घालत बसण्याची तुमची ऐपत आहे का, ते आधी बघा. बँकांची खूण कच्ची आहे असं मी म्हणते, आणि तरीही रोजच्या वापरातला, यूपीआय असलेला फोन रूट करू नका असंही म्हणते. यात मला विसंगती दिसत नाही. परीक्षा चुकीची असली तरी नापास झाल्याची किंमत तुम्हालाच मोजावी लागते.

रोजच्या सोयींसाठी रूट करावं असं आता फार उरलेलंही नाही. जाहिराती अडवायला अँड्रॉइड ९ पासून खाजगी डीएनएस आहे, स्क्रीन रेकॉर्ड करायची सोय ११ मध्ये आली, कंपनीने भरलेली नको ती ॲप्स संगणकाला फोन जोडून एका आज्ञेने आपल्यापुरती काढता येतात. हा शेवटचा मुद्दा हक्काचाही आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला, आणि गुगलची आधीच भरलेली ॲप्स काढू द्या असंही बजावलं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण ॲप्स काढू देण्याचा तो आदेश रद्द केला. "माझा फोन, माझी मर्जी" म्हणून कोणी रूट करत असेल तर त्याची चीड मला समजते. फक्त त्याला संशोधनाचं नाव देऊ नये.

उपकरण म्हणून फोन

आता मुलांच्या दाव्याकडे येऊ: रूट केला की सगळा डेटा मिळतो.

माझं काम शहरातल्या आवाजाच्या मोजमापावर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. समजा तुम्हाला गणेशोत्सवात लालबाग-परळ भागात फोनने आवाज मोजायचा आहे. केईएमसारख्या रुग्णालयाभोवतीचं शंभर मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्रात येतं, आणि तिथली मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो. प्रणाली हळू आवाज वाढवते, मोठा दाबते, मागचा गोंगाट पुसते. आपल्याला तर नेमका गोंगाटच मोजायचा आहे! मुलांचा पहिला विचार: रूट करून ही प्रक्रिया बंद करू. पण अँड्रॉइड ७.० पासून ॲपला "प्रक्रिया न केलेला" आवाज मागता येतो. सगळे फोन तो देत नाहीत, पण तुमचा देतो का हे ॲपलाच विचारता येतं. नसेल देत, तर देणारा फोन घ्या.

त्यानंतरची अडचण रूटच्या आवाक्यातलीच नाही. ढोल-ताशा पथकाजवळ पातळी शंभर डेसिबलच्या वर सहज जाते. मायक्रोफोनची स्वतःची वरची मर्यादा ओलांडली की लहरीचा माथा कापला जातो. कापलेला माथा सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही परत मिळत नाही. आणि फोनने दिलेला आकडा म्हणजे नेमके किती डेसिबल, हे कळायला कॅलिब्रेटर लागतो, १००० हर्ट्झला ९४ डेसिबलचा ठरलेला सूर देणारा. फोनचा मायक्रोफोन त्याच्या तोंडात नीट बसत नाही, म्हणून प्रमाणित ध्वनिमापकाशेजारी फोन ठेवून दोन्हींचे आकडे जुळवावे लागतात. हे कंटाळवाणं काम आहे, त्याचे व्हिडिओ कोणी बनवत नाही. पण तुमच्या प्रबंधाचं वजन त्यावर ठरतं.

रूटने इथे एक गोष्ट खरंच करता येते. आवाजाच्या मार्गावरची पातळी ठरवणारी फाइल बदलून मायक्रोफोनची संवेदनशीलता कमी करता येते. मोह होतो. पण ते केल्यावर तुमचा फोन त्या मॉडेलच्या बाकी सगळ्या फोनांपेक्षा वेगळा झाला. आधी जुळवलेले आकडे रद्द, आणि त्या मॉडेलवर इतरांनी केलेल्या कामाशी तुलनाही रद्द. देवनागरी फॉन्टसारखंच: परवानगी मिळाली, पण जे हवं होतं ते परवानगीत नव्हतं.

जीपीएसवाल्यांना बातमी अजून चांगली आहे. उपग्रहांची कच्ची मोजमापं अँड्रॉइड ७.० पासून ॲपला मिळतात. गुगलचं जीएनएसएस लॉगर ती फाइलमध्ये लिहून देतं, आणि फोनची चिप पकडत असेल तर आपल्या नाविकचे उपग्रहही अँड्रॉइड १० पासून ओळखले जातात. बॅटरी वाचवायला चिप मध्येमध्ये झोपते, ते थांबवायचं सेटिंग डेव्हलपरच्या पर्यायांत आहे. वायफाय स्कॅनवर अँड्रॉइड ९ ने दोन मिनिटांत चारची मर्यादा घातली आणि १० मध्ये ती काढायचा खटका त्याच पर्यायांत दिला. जुनी चाळ लोकल जाताना किती हादरते ते त्वरणमापकाने बघायचं असेल, तर अँड्रॉइड १२ पासून सेकंदाला २०० नोंदींच्या वर जाण्यासाठी ॲपमध्ये एक परवानगी नोंदवावी लागते, बस्स. शिकण्यापुरतं काम असेल तर आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स घ्या आणि आजच संध्याकाळी सुरू करा.

मग रूट कुठे लागतं? लागतं. मोबाईल टॉवर आणि फोन यांच्यातला नियंत्रण-संवाद बघायचा असेल, तर क्वालकॉमच्या चिपच्या निदान-मार्गापर्यंत पोचावं लागतं. मोबाइलइनसाइट हे २०१६ पासूनचं साधन रूट केलेल्या फोनवरच चालतं. वायफायची चिप सगळ्यांचे संदेश ऐकणाऱ्या अवस्थेत टाकायची असेल, तर डार्मस्टाटच्या गटाचं नेक्समॉन आहे, ते ठरावीक चिपांवर आणि रूटसहच. बॅटरी विशिष्ट पद्धतीने चार्ज करून तिचं आयुष्य अभ्यासायचं असेल, तर बहुतेक फोनांवर दुसरा मार्ग नाही. आणि चालू ॲपच्या आत शिरून त्याची फंक्शनं पकडायची असतील तर फ्रिडा, म्हणजे बहुधा रूट. मात्र या शेवटच्या कामाला आधी संगणकावरचा एम्युलेटर वापरून बघा. प्ले स्टोअर नसलेल्या एम्युलेटरवर रूट आयताच मिळतो, बिघडला तर पुसून नवा. नुसतं ॲप कुठे कुठे जोडतं एवढंच हवं असेल, तर पीसीएपीड्रॉइड व्हीपीएनच्या सोयीतून ते विनारूट दाखवतं.

ॲपच्या खाजगीपणावर काम करणाऱ्यांनी एका गोष्टीवर थांबावं. रूट केलेल्या फोनवर ॲप तसंच वागतं का? बँक, पेमेंट, विमा यांची ॲप्स चालतच नाहीत, किंवा अर्धवट चालतात. म्हणजे तुमच्या नमुन्यातून नेमकी तीच ॲप्स गळतात, ज्यांच्याबद्दल लोकांना सगळ्यात जास्त काळजी आहे. उरलेल्या ॲप्सवरून "भारतीय ॲप्स" असा निष्कर्ष काढलात, तर परीक्षक पहिल्याच पानावर अडवतील. रूट लपवलात तर ॲपला फसवून मिळवलेलं वागणं तुम्ही नोंदवताय, आणि तेही लिहावं लागेल. मोजणाऱ्याने मोजली जाणारी गोष्ट बदलली, अशी ही जुनी अडचण आहे, खिशातल्या आकाराची.

अभ्यासात सहभागी होणाऱ्या लोकांचे फोन रूट करायला सांगणं हा विचारच करू नका. त्यांचे पैसे, फोटो, आजारपणाचे कागद त्यात असतात. कोणतीही नैतिकता समिती हे मान्य करणार नाही, आणि केलं तर समितीबद्दल शंका घ्या.

मग निर्णय

तुमचा प्रश्न वरच्या "लागतं"मध्ये बसत असेल, तर दुसरा फोन घ्या. त्यात सिमकार्ड वेगळं, बँकेचं काही नाही, घरच्यांचे फोटो नाहीत. वापरलेले फोन ग्रँट रोडपासून मनीष मार्केटपर्यंत मिळतात, पण मॉडेल आधी ठरवा आणि मग बाजारात जा. "कोणताही चालेल, नंतर अनलॉक करू" हा हिशेब आता चालत नाही. हुआवेने २०१८ मध्येच अनलॉकचे कोड देणं थांबवलं. शाओमीत खातं जोडून थांबावं लागतं आणि हायपरओएसपासून अटी वाढल्या आहेत. सॅमसंगमध्ये बदललेली प्रणाली चालवली की आतला एक फ्यूज कायमचा जळतो, तो परत जुळत नाही. विकत घेताना बिल घ्या, आयएमईआय तिथेच तपासा.

आयएमईआयवरून आठवलं. रॉम घालताना कधी कधी नेटवर्कची माहिती असलेला विभाग पुसला जातो आणि फोन आयएमईआय दाखवेनासा होतो. मग कोणीतरी "लिहून देतो" म्हणतं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात अशा ओळख-क्रमांकांशी छेडछाड केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. रूट मिळाल्यावर पहिलं काम त्या विभागाची प्रत संगणकावर ठेवायची, बाकी सगळं नंतर.

आणि शक्य असेल तर त्याच मॉडेलचे दोन फोन घ्या. एक रूट करा, एक तसाच ठेवा. मार्गदर्शक विचारतील, दोन कशाला? प्रकरण तीनमध्ये पुढचं वाक्य लिहिता यावं म्हणून: "मोजमापासाठी वापरलेल्या फोनचा बूटलोडर अनलॉक करून तो मॅजिस्कने रूट केला होता, मॉडेल, बिल्ड क्रमांक, सुरक्षा पॅचची तारीख आणि मॅजिस्कची आवृत्ती परिशिष्टात दिली आहे, ज्या नोंदी रूटशिवाय घेता येतात, त्या त्याच मॉडेलच्या रूट न केलेल्या फोनवरही घेऊन दोन्हींतला फरक तक्त्यात दाखवला आहे."